काकूंच्या बाजूची सीट

मी आठवीत शाळा सोडली आणि सांगलीत एका कुशनच्या दुकानात कामाला लागलो. कुशनचं दुकान म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. रेक्झिन कापायचं, फोम भरायचा, कव्हर ताणून बसवायचं. पंधरा वर्षं हेच केलं. त्यामुळे मला बाकी काही नाही तरी सीट कळते. माणूस बसला की कुठं टेकतो, कुठं अवघडतो, हे मला लांबून दिसतं. जगात एवढं एकच मला येत होतं, आणि तेच माझ्या हातून चुकलं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी ते अजून सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

बायको मिरजेला नर्सिंग शिकलेली. दोन हजार सालानंतर इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या, तेव्हा तिला बर्मिंगहॅमला नोकरी लागली आणि तिच्या पासपोर्टामागून माझा पासपोर्ट आला. माझ्या व्हिसावर डिपेंडंट असं छापलेलं होतं. घरी बसून मी खिडकीतून बसेस बघायचो. शेजारी 'ऑलराइट?' म्हणाला की काय उत्तर द्यायचं हे ठरेपर्यंत तो निघून गेलेला असायचा.

तिच्याच हॉस्पिटलात डोळ्यांचे एक डॉक्टर होते. मूळचे पुण्याचे, तीसेक वर्षं इथंच. कँटीनच्या रांगेत ही फोनवर मराठीत बोलत होती ते त्यांनी ऐकलं आणि त्याच रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. आमची खोली ओलसर आहे, भिंतीला बुरशी आलीय, हे काकूंनी बोलता बोलता काढून घेतलं. पुढचे दोन महिने आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. काकू म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस. जेवायला बसलं की त्या विचारायच्या नाहीत, थेट वाढायच्या.

नोकरीही डॉक्टरांनीच मिळवून दिली. जुन्या गाड्यांच्या सीटा नव्यानं शिवून देणारा एक म्हातारा गोरा त्यांचा पेशंट होता. त्याच्या वर्कशॉपात मला घेऊन जाताना डॉक्टर म्हणाले, "सांगलीकर, घाबरू नकोस. त्याचा मोतीबिंदू मीच काढलाय. आता त्याला तुझी शिलाई नीट दिसेल."

इंग्रजी वाचायला शिकवलं ते काकूंनी. त्यांच्या डायनिंग टेबलावर आठवड्यातून दोन संध्याकाळी. पुस्तक नव्हतं. घरात टपालानं जे येईल ते वाचायचं. कौन्सिलची पत्रं, गॅसवाल्याची नोटीस, पिझ्झाची पत्रकं. मी बोट ठेवून अक्षरं जुळवायचो आणि त्या वाटाणे सोलत ऐकायच्या.

"कचऱ्याची कुठली बिन कुठल्या वारी बाहेर ठेवायची एवढं वाचता आलं की तू इथला झालास," त्या म्हणायच्या. "ह्यांना तीस वर्षांत जमलेलं नाही."

आतून डॉक्टर ओरडायचे, "ऐकू येतंय मला."

"ऐकू येण्यासाठीच बोलतेय."

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. त्या वयात कुणी आपल्याला वाचायला शिकवावं, तेही हसून, एकदाही लाज न वाटू देता. हे ऋण कुठं ठेवावं मला कळायचं नाही. त्यांच्याकडे गेलो की मी नळ गळतोय का बघायचो, दाराला तेल घालायचो. एवढ्यानं भागत नाही हे मला माहीत होतं. आपल्याला जमणारं काहीतरी मोठं काम ह्यांच्या घरात निघावं, असं मी खरंच मनात म्हणायचो.

आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर वर्षभरानं काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्या काठी घेऊन चालायला लागल्या. साखर आधीपासून होतीच. ऑपरेशननंतर सुरुवातीला कमरेखाली मागच्या बाजूला बधिरपणा होता, तो हळूहळू जातोय, असं डॉक्टर सगळ्यांना आनंदानं सांगायचे. बधिरपणा गेला की नाही ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की काकूंना सारखी थंडी वाजते. घरात शाल, वर कार्डिगन, आणि रात्री झोपताना गरम पाण्याची पिशवी.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी हायब्रिड गाडी घेतली. तेव्हा रस्त्यावर ती क्वचितच दिसायची. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद, आवाज नाही, काही नाही. पुढे एक पडदा होता, त्यावर एका गॅलनमध्ये गाडी किती मैल जाते ते सतत दिसायचं. डॉक्टर रस्त्यापेक्षा त्या पडद्याकडेच जास्त बघायचे. आकडा वर गेला की चेहरा खुलायचा. पण हीटर लावला की गरम हवेसाठी इंजिन चालूच राहायचं आणि आकडा खाली यायचा. म्हणून हीटर बंद. शिवाय दुकान, जीपीचा दवाखाना, देऊळ अशा जवळच्या फेऱ्या असल्या की इंजिन तापायच्या आत घर यायचं.

"ह्यांनी त्या पडद्याशीच लग्न करायला हवं होतं," काकू मफलर नाकापर्यंत ओढत म्हणायच्या. "मला गोठवून वाचवलेलं पेट्रोल बाटलीत भरून ठेवा. माझ्या फोटोपुढे ठेवता येईल."

डॉक्टर हसायचे, पण त्यांना ते लागलं असावं. एक दिवस ते वर्कशॉपात आले. हातात एक खोकं. आतून गरम होणाऱ्या सीटचं सामान त्यांनी मागवलं होतं. त्यांच्या गाडीला कंपनीकडून तसल्या सीटा नव्हत्या. दोन्ही सीटांच्या कव्हराखाली घालायच्या पातळ गाद्या, प्रत्येक सीटला एक बसायची आणि एक पाठीची. गाद्यांमध्ये नागमोडी तारा. सोबत वायरिंग, फ्यूज, बटणं.

"सगळी हवा कशाला तापवायची? माणूस बसतो तेवढीच जागा तापवू," ते म्हणाले. "वीज जाते किरकोळ. बसवशील ना रे?"

बसवशील ना. मला वाटलं, आलं माझं काम.

सामानाबरोबर चार पानांची पुस्तिका होती. ती घेऊन मी त्या आठवड्यात काकूंकडे गेलो. त्यांनाच मजा वाटली. "आज कौन्सिल नाही? चला." मी एकेक वाक्य वाचत होतो. सीट काढायच्या आधी बॅटरीची वायर काढा, थोडं थांबा. सीटच्या कडेला एअरबॅग असते, तिच्या पिवळ्या वायरला हात लावू नका. थर्मोस्टॅटला टॅम्पर करू नका. टॅम्परला मी अडकलो. काकूंनी सांगितलं, टॅम्पर म्हणजे नसते उद्योग करणं. थर्मोस्टॅट म्हणजे गादीत शिवलेला हरभऱ्याएवढा एक तुकडा. गादी ठरावीक तापली की तो वीज तोडतो, गार झाली की पुन्हा जोडतो. दुसऱ्या पानावर बरंच बारीक लिहिलेलं होतं. ते काकूंनी स्वतः भरभर वाचलं, नेहमीच्याच सूचना आहेत म्हणाल्या आणि पान उलटलं. मी चहा पीत होतो.

शनिवारी दुपारी वर्कशॉप रिकामं असताना मी काम केलं. मालकानं परवानगी दिली होती. जाताना बजावून गेला की मागच्या भागात नारिंगी वायर दिसली तर हात खिशात घालायचे, ती मोठ्या बॅटरीची, माणूस जागीच जातो. माझा तिकडे संबंध नव्हता. सीटचे चार बोल्ट काढले, सीट बाकावर आणली, पकडीनं कव्हराच्या रिंगा एकेक सोडवल्या. फोमवर गादी चिकटवली, कव्हर परत ताणलं, नव्या रिंगा मारल्या. एक सुरकुती राहू दिली नाही. इथं आल्यापासून मला माझ्या हातांचा अभिमान वाटला असा तो एकच दिवस असेल.

संध्याकाळी डॉक्टर काकूंना घेऊन आले. काकू बसल्या. बटण दाबलं, लाल दिवा लागला.

"जाणवतंय का काकू?"

"पाठीला लागतंय की. छान लागतंय. खाली जरा कमी आहे."

"येईल, वेळ लागतो."

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्यांची सीट फक्कड तापते. काकू म्हणाल्या, "माझीही तापते रे. खाली थोडी कमी, एवढंच. त्याचं काही नाही."

त्याचं काही नाही म्हणाल्या, पण मला झोप लागेना. डॉक्टरांची तापते आणि ज्यांच्यासाठी सगळं केलं त्यांचीच नाही. एकदा बघतो म्हणालो, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा गाडी पाठवली. मी सीट उघडली, तपासली. तळहात ठेवून बघितला. मला गरम लागत होतं, पण थर्मोस्टॅट मध्येच तोडत होता. मला वाटलं तो खराब निघाला, लवकर तोडतोय. दुसरं खोकं मागवायचं तर डॉक्टरांना सांगावं लागणार होतं की माझ्याकडून झालं नाही.

आमच्या सांगलीच्या दुकानात, शेजारच्या गॅरेजमध्ये, सगळीकडे एक शब्द होता. डायरेक्ट. पंख्याचं बटण गेलं, डायरेक्ट करून टाक. फ्यूज सारखा उडतोय, तार घाल, डायरेक्ट. मधला जो तुकडा नडतो तो काढायचा आणि दोन टोकं एकमेकांना पिळायची. गिऱ्हाईक हसत जातं. पंधरा वर्षं मी हे बघितलेलं, केलेलं. कुणाचं काही वाईट झाल्याचं कधी ऐकलं नाही. ऐकू आलं नाही, एवढंच खरं.

काकूंच्या बसायच्या गादीचा थर्मोस्टॅट मी डायरेक्ट केला. वर काळी टेप गुंडाळली. पाच मिनिटं तळहात ठेवला. चांगलं ऊबदार लागलं. पाच मिनिटं. टॅम्पर हा शब्द मला तेव्हा आठवला होता, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या शनिवारी डॉक्टर आणि काकू कार्डिफला गेले. त्यांची मुलगी तिथं युनिव्हर्सिटीत होती. जायला दोन तासांहून जास्त, यायला तेवढेच. कडाक्याची थंडी होती, त्यामुळे जाता-येता बटण चालूच.

सोमवारी बायको हॉस्पिटलातून आली. कणीक भिजवता भिजवता म्हणाली, "अहो, काकूंना भाजलंय."

"कुठं?"

"मांडीच्या मागं. दोन्हीकडं. मोठमोठे फोड. काल सकाळी चादरीला पाणी लागलं तेव्हा डॉक्टरांनी बघितलं. गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपल्या होत्या, वर दुखायची गोळी घेतलेली. झोपेत कळलं नाही म्हणतात. डॉक्टर फार चिडलेत, पिशवी कचऱ्यात टाकली. ड्रेसिंगला मी जाऊन येत जाईन."

"पिशवीनंच भाजलं?"

"पिशवीला रबराच्या ओळी असतात ना, तशा ओळी उठल्यात."

मी विचारलं, "ओळींमध्ये अंतर किती?"

तिनं पिठाची दोन बोटं जोडून दाखवली. "एवढं. का हो?"

"काही नाही."

आमच्या घरातही पिशवी होती. बायको आंघोळीला गेल्यावर मी ती काढून बघितली. पिशवीवरच्या ओळी अगदी जवळजवळ असतात, मध्ये नखही मावत नाही. दोन बोटांचं अंतर कुठल्या तारांमध्ये असतं ते मला माहीत होतं. त्या तारा मी स्वतःच्या हातानं फोमवर सरळ करून बसवल्या होत्या.

त्या दिवसांत आमचे दोघांचे पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात गेलेले होते. रोज मी टपालाची वाट बघायचो. डोक्यात एकच. डॉक्टर तक्रार करतील, वर्कशॉपातली नोकरी जाईल, कुठंतरी कागदावर नाव चढेल आणि क्रॉयडनचा कुणी साहेब ते वाचेल. बायकोनं परदेशात उभं केलेलं सगळं माझ्या एका टेपच्या गुंडाळीनं जाईल. काकूंच्या जखमेआधी मला ह्याची भीती वाटली. खोटं कशाला लिहू?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, सीटची शिलाई एकदा बघून घेतो म्हणालो. त्यांनी किल्ली दिली. "किती करतोस रे तू आमचं," असं म्हणाले.

कव्हर उलटं केलं तर आतल्या बाजूला तपकिरी नागमोडी रेघ उमटली होती. मी टेप सोडवली. पण थर्मोस्टॅट परत जोडण्याचं धाडस झालं नाही. त्या सीटच्या दोन्ही गाद्यांच्या, बसायच्या आणि पाठीच्या, वायरी कापून टाकल्या. बटणाचा दिवा वेगळ्या वायरवर होता, तो तसाच ठेवला. दिवाही बंद केला असता तर डॉक्टरांनी विचारलं असतं. आता बटण दाबलं की दिवा लागेल, सीट थंड राहील.

पुस्तिका अजून वर्कशॉपात पडली होती. मी ती घेऊन बाकावर बसलो आणि दुसरं पान काढलं. ते बारीक अक्षर मी एकट्यानं, बोट ठेवून वाचलं. अर्धा तास लागला. त्यात लिहिलं होतं की ज्यांच्या त्वचेला संवेदना कमी आहे, ज्यांना साखर आहे, मणक्याची इजा आहे, अशांनी ही सीट वापरू नये. काकूंनी हेच पान भरभर वाचून उलटलं होतं.

त्या आठवड्यात डॉक्टर क्लिनिकला गेलेले असताना मी काकूंकडे गेलो. त्या कुशीवर झोपून टीव्हीवर घरं विकायचा कार्यक्रम बघत होत्या.

"ये. बस. बघ, ह्या बाईला बाग हवीय आणि गवत कापायला नको."

मी उभाच राहिलो. "काकू, ती पिशवी नव्हती."

"मग?"

"सीट. मी थर्मोस्टॅट डायरेक्ट केला होता."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "डायरेक्ट म्हणजे?"

मी सांगितलं. त्या मुक्या टीव्हीकडे बघत ऐकत होत्या.

"हे आपण वाचलं होतं, नाही का? टॅम्परला अडकला होतास."

"हो."

"आणि दुसरं पान?"

"ते परवा वाचलं. स्वतः."

"किती वेळ लागला?"

"अर्धा तास."

"बरा वाचतोस आता," काकू म्हणाल्या.

मी हात जोडले तर म्हणाल्या, "ते नको करूस. बस आधी." मी खुर्चीच्या कडेला बसलो.

"कमरेखाली मागं सगळं मेलेलं आहे रे. ऑपरेशनपासून. सुई टोचली तरी कळत नाही. मला ऑपरेशन नको होतं, ह्यांनी ठरवलं, सर्जन ह्यांचाच मित्र. नंतर रोज रात्री विचारायचे, येतंय का काही? चेहरा असा करून विचारायचे की मी एक दिवस म्हटलं, हो, येतंय. त्या दिवसापासून येतंयच. आता परत कसं जाणार?"

"मी डॉक्टरांना सांगतो. माझं सांगतो."

"काय सांगशील? तुझं सांगितलंस की ते मला विचारणार, दोन तास भाजत होतं आणि तुला कळलं कसं नाही? मग मी काय सांगू?" त्यांनी उशी नीट केली. "पासपोर्ट आले का तुमचे?"

"नाही अजून."

"मग गप्प बस. मीही गप्प बसते."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं. छातीवरचं कुणीतरी उचललं. त्या भाजलेल्या, कुशीवर पडलेल्या, आणि सुटका माझी.

निघताना मी सांगितलं की आता सीट तापत नाही, नुसता दिवा लागतो. त्यावर त्या खरंच हसल्या. "उत्तम केलंस. मला कळणार नाही आणि ह्यांना दिसत राहील."

पासपोर्ट आले. जखम भरत आली, परत उघडली. साखर असली की असंच होतं, बायको सांगायची. ती दर दोन दिवसांनी ड्रेसिंग करून यायची आणि मी तिला कधी तपशील विचारला नाही. मधल्या बऱ्या आठवड्यांत काकू गाडीतून बाहेर पडायच्या. एकदा मी मागच्या सीटवर होतो. देवळातून परत येत होतो, काचेवर दव गोठलेलं. डॉक्टरांनी हात लांब करून काकूंच्या बाजूचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लागतंय ना गरम?"

"हो तर," काकू म्हणाल्या. "छान लागतंय."

शालीखाली त्यांचे खांदे थरथरत होते. मागून मला दिसत होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांच्या पाठीला थंडी कळत होती, पाठ काही मेलेली नव्हती. पाठीची गादीही मीच कापली होती. ती चालू ठेवता आली असती. भीतीनं मी सगळंच कापलं आणि पुन्हा उघडायला गाडी मागायचं धाडस मला झालं नाही.

पुढचा हिवाळा काकूंनी बघितला नाही. ताप आला, हॉस्पिटलात नेलं, इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणाले, मग किडन्या. नऊ दिवस. मी बायकोला एकदाच विचारलं, "त्या जखमेतूनच गेलं का ते?"

ती म्हणाली, "असं एका ठिकाणी बोट ठेवून नाही सांगता येत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या." तिनं बोटांच्या अंतराबद्दल परत कधीच विचारलं नाही. ती नर्स आहे. मला वाटतं, तिला समजलेलं आहे.

काकू गेल्यावर दीडेक महिन्यानं डॉक्टरांचा फोन आला. "सांगलीकर, गाडी उठत नाही रे."

मला कारण माहीत होतं. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी बॅटरीही असते, गाडीला जागं करायला. गाडी बरेच आठवडे उभी राहिली की ती उतरते. मी मालकाची गाडी आणि केबल घेऊन गेलो. पुढचं झाकण उघडून जोडणी केली आणि गाडी जागी झाली. तिचा आवाज येतच नाही, पडदा उजळला तेवढंच.

"थोडी फिरवायला हवी," मी म्हणालो. "चार्ज होईल."

"तू चालव. माझं मन नाही," डॉक्टर म्हणाले आणि फिरून डाव्या दारानं आत बसले. काकूंच्या सीटवर. त्या सीटवर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. चालवायचे नेहमी तेच.

आम्ही रिंग रोडला लागलो. बाहेर राखाडी उजेड होता. डॉक्टर पुण्याबद्दल बोलत होते. परत जायचं म्हणत होते. गाडी तूच ठेव, म्हणाले, तुझ्या हातची आहे. बोलता बोलता त्यांनी सवयीनं डाव्या बाजूचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

मला तेव्हाच कळलं काय होणार आहे. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. एक राउंडअबाउट गेला, दुसरा गेला. डॉक्टरांचं बोलणं हळूहळू थांबलं. त्यांनी मांडीखाली हात घातला, मग पाठीमागे घातला.

"तापत नाही रे ही."

मी पुढच्या वळणाचा सिग्नल दिला.

"तिला तर लागायचं," डॉक्टर म्हणाले. "रोज विचारायचो. हो म्हणायची. छान लागतंय म्हणायची." ते दिव्याकडे बघत होते. "हो म्हणायची ती."

ती वेळ होती. काकू नव्हत्या, पासपोर्ट कपाटात होते, भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं होतं. काकूंना काहीच कळत नव्हतं, त्यांनी तुमच्यासाठी हो म्हटलं. आणि त्याच्याही मागे तिसरं. हे सगळं ह्या माणसाच्या मांडीवर ठेवायचं, रिंग रोडवर, मला हलकं वाटावं म्हणून? की मी परत भ्यालोच होतो आणि त्याला चांगलं नाव देत होतो? मला अजून सांगता येत नाही.

"गाडी उभी होती ना डॉक्टर," मी म्हणालो. "एखादी वायर सुटली असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांचे डॉक्टर ते.

"असेल," ते म्हणाले. "दुरुस्त करून घे. तुझ्या बायकोला थंडी वाजेल."

आम्ही घरी आलो. उतरताना त्यांनी सीटवर तळहात ठेवला, मी कामाच्या वेळी ठेवायचो तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग दार लावून आत गेले. बटण बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. ते मी बंद केलं.